सरकारी बाळाची पकड

काचवाल्यांचा जन्म झाला त्या आठवड्यात शहरात जी जी मुलं जन्मली, ती सगळी विद्यापीठानं मोजून घेतली होती. डोक्याचा घेर, वजन, लांबी, आईचं वय, बापाचा धंदा, घराला खिडक्या किती. मोजणारी डॉक्टरीणबाई टेप घेऊन खाटेपाशी आली तेव्हा आईनं बाळ छातीशी ओढून घेतलं. तिला वाटलं, बाळात काही खोट निघाली.

"खोट नाही हो," बाई म्हणाली. "हे बाळ मोठं कसं होतं, ते आम्हाला बघायचंय."

"किती दिवस बघणार?"

"जमेल तितके."

आई हे सांगताना नेहमी हसायची. कारण पुढे त्या डॉक्टरीणबाई गेल्या, त्यांच्या जागी आलेले गृहस्थ निवृत्त झाले, स्वतः आईही गेली. पण बघणं काही संपलं नाही. बाळ शाळेत गेलं तेव्हा त्याला एका पायावर उभं करून पाहिलं. त्याला मिसरूड फुटली तेव्हा त्याला आईबापांपासून दूर नेऊन नाजूक प्रश्न विचारले. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले, आणि दर काही वर्षांनी दारात कोणी ना कोणी पिशवी घेऊन उभं राहिलं. गल्लीत त्यामुळे काचवाल्यांना नाव पडलं, सरकारी बाळ. विद्यापीठ सरकारी नव्हतं आणि बाळ साठीच्या पलीकडे गेलं होतं. पण चिकटलं ते चिकटलं.

काचवाल्यांना त्या नावाचा राग नव्हता. उलट आतून ते सुखावत. शाळा अर्धवट सोडून काचेच्या धंद्यात पडलेल्या माणसाला जग फार प्रश्न विचारत नाही. भाव काय, कधी मिळेल, आणखी थोडं कमी करा की, एवढंच. पण इथे दर काही वर्षांनी एक शिकलेलं माणूस त्यांच्या खुर्चीसमोर बसे आणि विचारी, तुम्ही कसे आहात? आणि विचारून घड्याळाकडे न बघता उत्तराची वाट बघे. एवढ्या आयुष्यात असा प्रश्न असा थांबून त्यांना दुसऱ्या कुणी विचारलेला नव्हता. म्हणून त्यांनी एकही फेरी चुकवली नव्हती. घर बदललं तेव्हा नवा पत्ता सख्ख्या भावाच्या आधी विद्यापीठाच्या ऑफिसला कळवला होता.

"ही पाहणी म्हणजे माझी सवतच," बायको म्हणायची. "लग्नाचा वाढदिवस विसरतील, पण तिला पत्ता कळवायला विसरायचे नाहीत."

या अभिमानाचा कळस म्हणजे 'बापरे'ची गोष्ट. मध्यम वयातल्या एका फेरीला एक कोवळी परिचारिका आली होती. तिनं त्यांच्या हातात मूठ आवळून जोर मोजायचं यंत्र दिलं. घरात त्याला सगळे चिमटा म्हणत. "होईल तेवढ्या जोरानं आवळा," ती म्हणाली. काचवाल्यांनी आवळलं. काटा सरकत सरकत अशा ठिकाणी गेला की परिचारिकेच्या तोंडून निघून गेलं, "बापरे!" आणि दुसऱ्या क्षणाला तिनं तोंडावर हात ठेवला. कारण त्या कामाचा नियम कडक होता. समोरच्याचा आकडा कसाही येवो, ना शाबासकी द्यायची, ना हळहळायचं. प्रश्न छापलाय तसा वाचायचा, उत्तर येईल तसं लिहायचं, चेहरा कोऱ्या भिंतीसारखा ठेवायचा. म्हणूनच तर त्या 'बापरे'ला मोल होतं. ते नियम मोडून बाहेर पडलं होतं. शेजारच्या न्हाव्याला तर ही गोष्ट इतकी पाठ झाली होती की तो गिऱ्हाइकांना ती हातवाऱ्यांसह करून दाखवी.

आणि आता त्याच उजव्या हाताला कंप सुटला होता.

पहिल्यांदा तो चहाच्या कपात दिसला, मग शर्टाच्या बटणांत. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हा आता सोबतीला राहणार, याच्याशी जुळवून घ्या. पण काच काही जुळवून घेत नाही. काच कापायची हिरकणी एकदा टेकवली की एका दमात शेवटापर्यंत न्यावी लागते. मध्ये थांबायचं नाही, त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा फिरायचं नाही. रेघ थरथरली की काच आपल्या मनाला येईल तिथून तुटते. दोन तावदानं अशी गेल्यावर एका सकाळी काचवाल्यांनी हिरकणी मुलीपुढे ठेवली आणि म्हणाले, "तुला सराव हवा." मुलगी कितीतरी वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून काम करत होती, तिला कसला सराव हवा असणार! पण तिनं एक शब्द न बोलता हिरकणी उचलली, आणि त्या न बोलण्याबद्दल काचवाले तिचे मनातल्या मनात फार ऋणी राहिले.

दुकानात त्यांनी हात खिशात ठेवायची सवय लावून घेतली. गल्लीत कुणाला काही कळलेलं नाही, असं ते धरून चालले होते.

असं असताना ऑफिसचा फोन आला. नवी फेरी सुरू झाली होती. काचवाल्यांनी बायकोला हातानंच खूण केली: मी नाही, बाहेरगावी गेलोय. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "हो, आहेत ना, समोरच बसलेत. मंगळवारी? या की."

"अगं, तुला खूण केली ना मी!"

"दिसली मला. नीट दिसली नाही, हात हलत होता."

असं बोलायची मुभा साऱ्या जगात फक्त तिला होती. तरी दोन दिवस ते दुकानातच जेवले. मग एका दुपारी बायकोला त्यांच्या उशीखाली रबराचा चेंडू सापडला, आणि दुसऱ्या दुपारी ते आरशापुढे उभे राहून पुटपुटताना सापडले: "नदी, खुर्ची, लोणी, टपाल, पतंग..."

"हे काय नवीन?"

"शब्द. ते दहा शब्द वाचतात आणि आठवायला सांगतात ना. मागच्या वेळचे मी पाठ ठेवलेत."

"अहो, ती काय परीक्षा आहे? आणि दर वेळी तेच शब्द विचारायला ते तुमच्याइतके भाबडे आहेत होय?"

काचवाले पुन्हा आरशाकडे वळले. त्यांच्या मनात जे चाललं होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. शहरात कुठेतरी एका कपाटात म्हणा, यंत्रात म्हणा, त्यांच्याच नावाचा एक माणूस राहत होता: ताठ, पोलादी पकडीचा, एकही फेरी न चुकवलेला. तो माणूस त्यांनी साऱ्या जन्मात थोडा थोडा करून घडवला होता. आणि आता मंगळवारी कुणीतरी येऊन, कोऱ्या चेहऱ्यानं, त्याच्यापुढे हा थरथरणारा आकडा मांडणार होतं. एकदा लिहिला की तो पुसता येणार नव्हता.

सोमवारी मुलगी जुन्या वाचनालयाच्या खिडकीचं माप घेऊन आली. काचवाल्यांनी कागद पाहिला. चारी कोपरे काटकोनात, समोरासमोरच्या बाजू सारख्या.

"एवढी सरळ खिडकी त्या इमारतीत? मी तिथल्या काचा बसवल्यात. तिथे तर दारसुद्धा सरळ नाही."

मुलगी ओशाळली. "वाकडीच आहे, बाबा. वरची बाजू आखूड आहे, एक कोपरा खाली बसलाय. तिथले ग्रंथपाल सारखे 'माफ करा, फार जुनी आहे' म्हणत होते. मला वाटलं माझंच माप चुकतंय, म्हणून मग सरळ करून लिहिलं."

"सरळ करून लिहिलं!" काचवाल्यांचा आवाज चढला. "आणि मग काच बसवणार कशात? तू लिहिलेल्या खिडकीत? अगं, चौकट वाकडी तर वाकडी. तिनं काय लाजायचं आणि तू काय लाजायचं! जशी आहे तसंच माप लागतं. जा परत, पुठ्ठ्याचा साचा करून आण."

मुलगी गेली आणि साचा घेऊन आली. बोलता बोलता काचवाल्यांचा हात खिशाबाहेर आला होता आणि हवेत थरथरत होता. हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

मंगळवारी जी परिचारिका आली तिला पाहून ते क्षणभर दारातच अडखळले. चष्मा लागला होता, कानापाशी केस पांढरे झाले होते. पण ती तीच होती, 'बापरे'वाली.

"ओळखलंत का काका?"

"तुम्हाला नाही ओळखणार, सिस्टर?" ते म्हणाले, आणि उजवा हात त्यांनी पाठीमागे नेला. दुसरं कुणी आलं असतं तर परवडलं असतं.

दोघं आतल्या खोलीत टेबलापाशी बसली. भिंतीपलीकडे कार्यशाळा होती. मुलीचा वावर ऐकू येत होता. परिचारिकेनं प्रश्न वाचायला सुरुवात केली. गेल्या वर्षभरात बटणं लावायला त्रास झाला का? नाही. कप उचलायला? नाही. चालताना तोल जातो का? छे! दाराशी उभ्या बायकोनं एकदा छताकडे पाहिलं आणि ती चहा करायला निघून गेली.

मग दहा शब्द आले. घंटा, रस्ता, मीठ, खिडकी, कापूस, असे काहीतरी. काचवाल्यांनी डोळे मिटले आणि आत्मविश्वासानं सुरुवात केली: "घंटा... रस्ता... मीठ... खिडकी... लोणी... टपाल... पतंग..." पतंगावर ते थबकले. आजच्या यादीत पतंग नव्हता. लोणी नव्हतं. टपालही नव्हतं. जुने शब्द नव्यांच्या रांगेत घुसून ऐटीत उभे राहिले होते, आणि आता कोण कुठले हे त्यांना सांगता येईना. परिचारिकेचा चेहरा कोऱ्या भिंतीसारखा होता. तिची लेखणी मात्र एकदा किंचित अडली.

मग तिनं पिशवीतून चिमटा काढून टेबलावर ठेवला.

"हात मुरगळलाय," काचवाले घाईनं म्हणाले. "परवाच. तावदान उचलताना."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते हात मांडीवर, टेबलाखाली दाबून बसले होते.

"दुखापत असेल तर ही चाचणी घ्यायची नसते," ती म्हणाली. "मी तसं लिहिते." आणि तिनं तसं लिहिलं. चिमटा पिशवीत परत गेला. इतकं सोपं होतं ते! पोलादी पकडीचा माणूस कपाटात सुखरूप राहिला. काचवाल्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण रिकाम्या घरात दार लोटून घेतल्यावर येतो तसा एक आवाज त्यांच्या आत झाला.

चहा आला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"सिस्टर," बोलायचं म्हणून ते बोलले, "आमच्यातले किती उरलेत हो आता?"

"बरेच आहेत, काका. गेले तेही बरेच. गेलेल्यांचं आम्हाला कळतं; कुणीतरी कळवतं, नोंद मिळते. जे आहेत पण दार उघडत नाहीत, त्यांचं काही कळत नाही."

"का नाही उघडत?"

"कोण जाणे. कुणी कंटाळतं. पण बहुतेक," ती कागद आवरत होती, "शरीर थकलं की उघडत नाहीत. आधी तुमच्यासारखे हौसेनं यायचे, ते एकदम येईनासे होतात. मग राहतात ती धडधाकट माणसं. आणि पुढे कुणी आमचं काम वाचलं की त्याला वाटणार, या वयात सगळे असेच ठणठणीत असतात. आपलाच हात तेवढा..." ती थांबली. तिचं लक्ष टेबलाच्या कडेकडे गेलं होतं. कडेवरचा कप बशीत बारीक किणकिणत होता. "माफ करा. हे बोलायचं नसतं मी."

तेवढ्यात भिंतीपलीकडून मुलीचा आवाज आला. ती फोनवर होती. वाचनालयाच्या ग्रंथपालांशी असावी.

"अहो, माफी कसली मागताय? वाकडी तर वाकडी! तिनं काय लाजायचं आणि तुम्ही काय लाजायचं! जशी आहे तसंच माप लागतं आम्हाला. सरळ माप घेऊन करू काय, त्यात काच कुणाची बसवू?"

शब्द न् शब्द त्यांचा होता. चढलेला आवाजसुद्धा. काचवाल्यांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसू दाबायला गेले तर खांदे हलायला लागले.

"काय झालं, काका?"

"काही नाही. आमची पोरगी तयार झाली, एवढंच." त्यांनी टेबलाखालचा हात वर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. तो थरथरत राहिला. त्यांनी त्याला थरथरू दिलं. "सिस्टर, हात मुरगळला नाही. खोटं बोललो. बटणं बायको लावते. कप असा उचलतो, दोन्ही हातांनी. आणि ते लोणी, टपाल, पतंग तर मागच्या वेळचे. मी ते पाठ करून ठेवले होते. सगळं खोडा आणि खरं लिहा. चिमटा काढा तुमचा."

परिचारिकेनं आधीची उत्तरं खोडली. मग सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून, छापलेत तसे, वाचले. यावेळी काचवाले एकेका प्रश्नावर थांबले आणि विचार करून, जणू दुसऱ्याच्या खिडकीचं माप सांगावं तसं, उत्तर देत गेले. पाठ केलेल्या शब्दांचं मात्र काही करता येत नव्हतं. ते कसे घुसले, ते तिनं शेऱ्यात लिहिलं. शेवटी तिनं चिमटा त्यांच्या उजव्या हातात दिला.

"होईल तेवढ्या जोरानं आवळा."

त्यांनी आवळलं. सगळं बळ एकवटून, दात खाऊन आवळलं. काटा थोडा सरकला, थरथरला, आणि जिथे पूर्वी त्याची नुसती सुरुवात असे तिथे थांबला. नियमाप्रमाणे पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. तिनं आकडा लिहिला. चेहरा भिंतीसारखाच.

"यावेळी 'बापरे' नाही का?" काचवाले धापा टाकत म्हणाले.

"ते तेव्हाही म्हणायचं नव्हतं," ती म्हणाली. "केवढा ओरडा खाल्ला होता मी ऑफिसात! पहिलीच फेरी होती माझी." तिनं चष्मा काढून पुसला, तो फारसा मळलेला नव्हता. "आता मला चांगलं जमतं न बोलणं."

शेवटचा एक प्रश्न या फेरीला नवा होता. तिनं तो सावकाश वाचला. पुढे कधी तुम्हाला स्वतः उत्तरं देता आली नाहीत, तर तुमच्या वतीनं कुणी बोलावं असं तुम्हाला वाटतं?

बायकोनं पदराला हात पुसले. "माझं नाव नका घालू हो. मी तुमची बाजू घेईन, मला ठाऊक आहे. ठणठणीत होते म्हणून सांगेन."

काचवाल्यांनी मुलीला हाक मारली. ती आली, कपाळावर केस, बोटांना काचेची पूड. प्रश्न तिला पुन्हा वाचून दाखवला. तो ऐकून ती बापाकडे बघेना, खिडकीकडे बघू लागली.

"काय सांगशील माझ्याबद्दल?" त्यांनी विचारलं.

"जसं असेल तसं," ती म्हणाली. "साचा करून आणीन."

"माझी इभ्रत राखायला जायचं नाही."

"नाही जाणार."

"लिहा हिचं नाव, सिस्टर," काचवाले म्हणाले. आणि 'बापरे'ची गोष्ट सांगताना जितकी छाती फुगत नसे तितकी ती आत्ता फुगली.

परिचारिका गेल्यावर ते पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि शेजारच्या दुकानात शिरले. न्हावी रिकामाच बसला होता.

"या सरकार! आली होती म्हणे तुमची सिस्टर. काटा कुठवर गेला?"

"निम्म्याच्याही खाली," काचवाले म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या. त्यांनी हात पुढे करून दाखवला. "हा बघ. असा हलतो. सगळं लिहून दिलं मी."

न्हाव्यानं हात पाहिला. त्याला नवल वाटलं नाही. "मला काय दाखवताय? तुमची हनुवटी बघतोय की मी वर्षभर. रोज नवी जखम. विचारावं कसं, म्हणून गप्प होतो." त्यानं खुर्चीवरचं फडकं झटकलं. "बसा. आजपासून दाढी इथे. आणि चाचणीला बसताय तसे नका बसू, जरा सैल सोडा मान."

काचवाले बसले. समोरचा आरसा त्यांनीच कापलेला होता, हात भरात असतानाचा. त्याची कड अजून एका दमात ओढलेल्या रेघेसारखी सरळ होती. त्या सरळ कडेच्या आत त्यांना आपला चेहरा दिसला, ओरखडे आणि सगळं, आणि मांडीवर थरथरणारा हात. न्हाव्यानं वस्तरा उघडला. काचवाल्यांनी हनुवटी वर केली आणि हात खिशात घातला नाही.